मिसूरीचं पाणी उतरलं तेव्हा

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस साउथ डकोटात दुष्काळ पडला आणि मिसूरी नदीवरच्या मोठ्या धरणाचं पाणी महिन्यामहिन्याला खाली जाऊ लागलं. मी तेव्हा नदीच्या पूर्वेकडच्या एका लहान गावात, एका कन्सल्टिंग कंपनीत सॉइल इंजिनियर होते. नवरा तिथल्या कॉलेजात गणित शिकवायचा. मुलगी सात वर्षांची. आम्ही मूळचे नागपूरचे. त्या गावात दुसरं मराठी घर नव्हतं. मराठीत भांडायचं असेल तरी एकमेकांशीच भांडावं लागे.

धरणाचा काठ ढासळत होता. कुठे, का आणि किती वेगाने ढासळतोय ते पाहून कुठे दगडी पिचिंग, म्हणजे काठाला दगडांचं अस्तर, करावं हे सुचवायचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं. पूर्वेच्या काठावर गोऱ्या लोकांची गावं, बोटींचा धक्का, मासेमारीसाठी बांधलेल्या केबिन्स. पश्चिमेच्या काठावर सू लोकांचं रिझर्व्हेशन, तिथल्या मूळ 'इंडियन' लोकांसाठी सरकारने राखून ठेवलेली जमीन. माझ्या वाट्याला पश्चिमेचा काठ आला, कारण तिकडे जायला ऑफिसात कोणी उत्सुक नव्हतं. "तू जा," साहेब म्हणाले, "तू तर इंडियनच आहेस." सगळे हसले. मीही हसले. परदेशात पहिली काही वर्षं माणूस नको त्या गोष्टींवर हसतो.

साहेब म्हणजे आमच्या ऑफिसचे प्रमुख. पन्नाशीचे, उंच, चर्चमध्ये नेमाने जाणारे. आमच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच्या घरातले जाड कोट आणून दिले होते, गाडीचं इंजिन रात्री गोठू नये म्हणून काय करायचं ते शिकवलं होतं. माझ्या ग्रीन कार्डासाठी कंपनीतर्फे त्यांनीच अर्ज केला होता. मी त्यांना भला माणूस समजत होते. आणि आमच्याशी ते भलेच वागले होते. पुढे जे झालं ते सांगताना हे आधी सांगायला हवं, नाहीतर माझा राग नीट कळणार नाही.

पश्चिमेच्या काठावर पहिल्याच दिवशी एका म्हातारीने माझा पिकअप अडवला. ती काठाच्या अगदी कडेला घडीची खुर्ची टाकून बसली होती. बाजूला थर्मास, मांडीवर दुर्बीण. साठीच्या पुढची, ठेंगणी, डोक्याला रुमाल बांधलेला.

"कोण तू? फावडं कशाला आणलंस?"

मी सांगितलं, मातीचे नमुने घ्यायला आले आहे, मी भारतातली आहे.

तिने मला खालून वर पाहिलं. "म्हणजे खरी इंडियन तू. मग आम्ही कोण?"

ती हसली नाही. मीही या वेळी हसले नाही. थोड्या वेळाने तिने थर्मासमधली कॉफी मला झाकणात ओतून दिली. नातवंडं आणि वस्तीतले सगळेच तिला 'उन्ची' म्हणायचे. त्यांच्या भाषेत उन्ची म्हणजे आजी. मी म्हटलं, आमच्या भाषेत याचा अर्थ उंची. माझ्या खांद्याला लागणारी ती बाई एवढं ऐकून पहिल्यांदा हसली. मग मीही तिला उन्चीच म्हणू लागले.

ती तिथे पहारा द्यायला बसत होती. पाण्याखाली तिचं गाव होतं. तिच्या तरुणपणी धरण बांधायचं ठरलं, आणि नदीच्या कुशीतली सगळी चांगली जमीन गेली. झाडी, रानप्लमची झुडपं, बोरांसारख्या फळांच्या जाळ्या, गुरांचा आडोसा, सरपण. वर उजाड माळावर, जिथे वाऱ्याला अडवायला एक काडी नाही, तिथे लोकांना नेऊन ठेवलं. दफनभूमी हलवली, पण ज्या थडग्यांवर क्रूस होता तेवढीच. जुनी, खुणा नसलेली थडगी तशीच पाण्यात गेली. आता पाणी उतरलं, काठाचे कडे कोसळू लागले आणि त्यातून हाडं बाहेर डोकावू लागली.

"आणि रविवारी बोटी येतात," उन्ची म्हणाली. "त्या गावातून. चाळण्या घेऊन."

"कशाला?"

"माळा, बाण, मणी शोधायला. मिळालं तर माणूसही उचलून नेतात."

मला वाटलं, म्हातारी वाढवून सांगते आहे. दुसऱ्या आठवड्यात एका कड्याखाली मी नमुना घ्यायला वाकले आणि समोरच्या मातीत एक लांब हाड आडवं दिसलं. शेजारी लहान बोटांसारखी हाडं. मी अवजार खाली ठेवलं. माझ्या आईच्या गावी, भंडारा जिल्ह्यात, आमच्या वस्तीचा मसणवटा नाल्याच्या काठी वेगळा होता. आमच्यात तेव्हा पुरायचे. गावच्या पाटलाने एका वर्षी तिथे नांगर घातला आणि तुरी पेरल्या. माझ्या आजोबांची जागा कुठली ते आई शेवटपर्यंत शोधत राहिली. त्या शेतातल्या तुरीची डाळ आमच्या घरात कधी शिजली नाही. मिसूरीच्या काठी ते हाड पाहून मला हेच आठवलं, आणि त्या जागचा नमुना मी घेतला नाही.

मी ठरवलं, आपल्या हातात जे आहे ते करू. जिथे जिथे हाडं दिसली तिथे मी नकाशावर लाल गोल केले आणि लिहिलं: इथे खोदू नये, इथे पिचिंग सर्वांत आधी करावं. नकाशे ऑफिसात दिले. फार बरं काम केलं असं वाटलं.

त्या काही आठवड्यांत उन्चीकडून मी बरंच ऐकलं. 'सू' हे नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं, आम्ही लाकोटा, हे तिने पहिल्यांदा बजावलं. सरकारने तिच्या पणजोबांच्या काळात करार केला होता, की काळे डोंगर, ब्लॅक हिल्स, तुमचेच राहतील. मग सैन्याची तुकडी त्या डोंगरांत गेली, सोनं सापडल्याची बातमी आली आणि खाणवाले मुंग्यांसारखे घुसले. करार करणाऱ्यांनीच तो मोडला. तिची आजी लहान मुलगी असताना वुंडेड नीच्या ओढ्याकाठी होती. कडाक्याची थंडी, लोक शरण आलेले, हत्यारं काढून घेणं चाललेलं, आणि सैन्याने गोळीबार केला. बायका-मुलं ओढ्याच्या घळीतून पळाली, त्यांचा पाठलाग करून मारलं. ती मुलगी मेलेल्या आईच्या शालीखाली पडून राहिली म्हणून वाचली.

"त्या सैनिकांना नंतर शौर्यपदकं दिली," उन्ची म्हणाली. इतक्या सपाट आवाजात म्हणाली की मला ते समजायला वेळ लागला.

ती आजी पुढे म्हातारी होऊन नदीकाठी वारली. तिथेच पुरली. थडग्यावर क्रूस नव्हता.

मी एकदा विचारलं, की सर्वोच्च न्यायालयाने तर काही वर्षांपूर्वी म्हटलं ना, डोंगर बेकायदा घेतले, भरपाई द्या. मग तुमचे लोक ती का घेत नाहीत? इतके गरीब असून?

"तुझी आजी विकायला आहे का?" तिने विचारलं.



जुलैच्या एका रविवारी साहेबांनी आम्हाला घरी बार्बेक्यूला बोलावलं. त्यांच्या बायकोने आमच्यासाठी आठवणीने वेगळी भाजी आणि मक्याची कणसं भाजून ठेवली होती. आम्ही मागच्या अंगणात बसलो होतो. मुलगी त्यांच्या घरातल्या मुलांबरोबर तळघरात खेळायला गेली. थोड्या वेळाने ती धावत वर आली.

"आई, कम सी! देअर्स अ स्केलेटन हेड. अ रिअल वन!"

मला वाटलं प्लॅस्टिकचं खेळणं असेल. साहेब मात्र खूश झाले. "चला, तुम्हाला माझं कलेक्शन दाखवतो."

तळघरात एका भिंतीला फळ्या लावल्या होत्या, वरून छोटे दिवे सोडले होते. बाणांची टोकं मखमलीवर मांडलेली. निळ्या मण्यांच्या माळा. हाडाच्या सुया. एका लहान मुलाचा मणी लावलेला चामडी जोडा, माझ्या तळहातात मावेल एवढा. आणि मधल्या फळीवर कवटी, धुऊन, पुसून, वर कसलीशी चकाकी फासलेली. माझी मुलगी तिच्याकडे बोट दाखवत होती. मी तिचा हात खाली ओढला. जरा जोरातच ओढला असेन, ती रडायला लागली.

"हे कुठून आणलंत?" मी विचारलं.

"नदीने दिलं," साहेब म्हणाले. "नाहीतर वाहूनच गेलं असतं. मी वाचवलं म्हण." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने म्हणाले, "आणि तुझे आभार. पूर्वी अख्खा रविवार चाळण्यात जायचा. तुझ्या नकाशांमुळे नेमकं कुठे जायचं ते कळतं."

मला अजून आठवतं, त्या तळघरात फ्रीजरची घरघर चालू होती. मी तो हात खांद्यावरून काढला.

"हे परत द्या," मी म्हटलं.

"कोणाला?"

"ज्यांचं आहे त्यांना. ती माणसं आहेत. पलीकडच्या काठावर त्यांची नातवंडं राहतात."

त्याला खरंच समजेना. (हो, त्या क्षणापासून मी त्याला मनातून अहो-जाहो करणं सोडलं.) तो म्हणाला, "तू का मनाला लावून घेतेस? ते तुझे इंडियन नाहीत." आणि हसला. पूर्वी ऑफिसात हसायचा तसंच.

आम्ही जेवण तसंच टाकून निघालो. गाडीत मुलगी मुसमुसत होती.  नवरा म्हणाला, "हे बघ, राग मलाही आला. पण तुझं ग्रीन कार्ड त्याच्या हातात आहे. ते रिजेक्ट झालं तर काय करायचं? आपण इथे पाहुणे आहोत यार."

"पाहुणे? कोणाचे पाहुणे?" मी म्हटलं. "त्याचे की तिचे?"

"कोण ती?"

मग मी त्याला उन्चीबद्दल सगळं सांगितलं. घर आलं तरी आम्ही गाडीतच बसून होतो. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मला भीती वाटते. पण तू जे करशील ते कर. मी नको म्हणणार नाही." आजही मला त्या वाक्याचं मोल कळतं. घाबरलेल्या माणसाने म्हटलेलं वाक्य होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी काठावर गेले आणि उन्चीला सांगितलं. वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. ती खुर्चीतून उठून उभी राहिली.

"नकाशावर खुणा कोणी करायला सांगितल्या होत्या तुला?"

"मी जपण्यासाठी केल्या. तिथे दगड घालावेत म्हणून."

"सैन्यही आम्हाला जपायलाच आलं होतं," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघून गेली.

मला तिचाही राग आला. खूप आला. मी काय वाईट केलं होतं? पिकअपमध्ये बसून मी स्टिअरिंगवर हात आपटले. पण माझा राग नेमका कुठे जायला हवा, ते मला ठाऊक होतं. संध्याकाळ होण्याआधी ती परत आली, खिडकीवर टकटक केली आणि विचारलं, "त्या जोड्यावर मणी कुठल्या रंगाचे होते?" मी म्हटलं, पांढरे आणि लाल. तिने मान हलवली. मग आम्ही दोघी काय करायचं ते बोललो.

ऑगस्टमध्ये गावच्या सभागृहात कंपनीच्या आराखड्यावर जाहीर बैठक होती. केबिनवाले, बोटवाले, दुकानदार, चर्चची मंडळी, सगळे आले. मागच्या रांगेत उन्ची आणि तिच्या वस्तीतल्या बायका येऊन बसल्या. त्यांना पाहून कुजबुज झाली. आराखडा साहेबाने मांडला. पिचिंग कुठे? बोटींच्या धक्क्याजवळ आणि केबिन्सच्या खाली. पश्चिमेच्या काठाबद्दल एकच ओळ: तिथे खर्च परवडणारा नाही. माझे लाल गोल त्या नकाशावर कुठेही नव्हते.

मातीविषयी बोलायची माझी पाळी आली. मी आधी माझं काम केलं. पश्चिमेचा काठ का जास्त वेगाने ढासळतोय, तिथली माती कशी आहे, ते सांगितलं.  मग म्हटलं, "या काठातून माणसांची हाडं बाहेर येत आहेत. ती जागा मी नकाशावर दाखवली होती, म्हणजे तिचं रक्षण होईल. त्या नकाशाचा उपयोग करून तिथली कवटी उचलून नेली गेली. ती आज या गावातल्या एका घराच्या तळघरात, दिव्याखाली मांडून ठेवली आहे. माझ्या मुलीने ती पाहिली. ज्यांच्या घरात ती आहे ते या खोलीत आहेत, आणि ज्यांची ती आहे तेही या खोलीत आहेत."

 मग एक केबिनवाला उठून म्हणाला, की सभा काठाबद्दल आहे, विषयाला धरून बोला. त्यावर मात्र माझा तोल गेला.

"हाच विषय आहे," मी म्हटलं. "जमीन घेतली, डोंगर घेतले, नदी घेतली. आता माणसांची डोकीसुद्धा घेताय. आणि मला म्हणता विषयाला धरून बोल."

माझं इंग्रजी त्या वेळी फार चांगलं नव्हतं. पण ते वाक्य चुकलं नाही. मागे उन्ची उठली आणि फक्त म्हणाली, "आम्ही इथेच बसतो. आमच्या माणसांना आणून द्या, मग जातो." सभा संपली, लोक गेले, दिवे मालवायची वेळ आली तरी त्या बायका बसून होत्या. शेरिफला बोलावलं. त्याने टोपी काढून सांगितलं, की ती वस्तू नेमकी कुठून आली याचा पुरावा नसेल तर त्याला काही करता येत नाही. 'वस्तू' म्हणाला तो.

साहेबाची बायको मधेच उठून गेली होती. ती अर्ध्या तासाने परतली, हातात सफरचंदांचं एक खोकं, वर घडी घातलेला पांढरा टॉवेल. ती सरळ मागच्या रांगेपर्यंत चालत गेली आणि खोकं उन्चीच्या मांडीवर ठेवलं. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. खोक्यात कवटी होती आणि तो लहान जोडा. उन्चीने टॉवेल उचलून पाहिलं, पुन्हा झाकलं आणि सगळ्या बायका एकामागोमाग उठून बाहेर पडल्या.

मला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. कारण दिलं, ऑफिसची माहिती बाहेर फोडली. जी माहिती त्याने चाळणीसाठी वापरली, ती मी बोलण्यासाठी वापरली, हा माझा गुन्हा. ग्रीन कार्डाचा अर्ज अर्थात मागे घेतला गेला. पुढे नवऱ्याच्या नोकरीतून ते मिळालं, पण मधली दोन वर्षं धाकधुकीत गेली. दुकानात बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मुलीला वाढदिवसांची आमंत्रणं येईनाशी झाली, आणि सात वर्षांच्या पोरीला "व्हाय, आई?" याचं उत्तर काय द्यायचं? पुढच्या उन्हाळ्यात आम्ही ॲरिझोनात, चँडलरला गेलो. काठाचं पिचिंग आराखड्याप्रमाणेच झालं.

गाव सोडण्याआधी, ऑक्टोबरमध्ये, उन्चीने मला दफनाला बोलावलं. वरच्या माळावर नवी जागा केली होती. विधी चालला तेव्हा मला थोडं लांब उभं राहायला सांगितलं, ते बरोबरच होतं. जोडा कवटीशेजारी ठेवला. ती कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. उन्चीच्या आजीची असेल, नसेलही. उन्ची म्हणाली, "कोणाची तरी आहेच." माती लोटून झाल्यावर तिने मला पुढे बोलावलं आणि म्हणाली, तुझ्या भाषेत काही म्हण. मी हात जोडून बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं. वारा इतका होता की माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

नंतर वस्तीतल्या एका घरात सगळ्यांना जेवायला होतं. मांसाचं, सुकवलेल्या कंदांचं गरम सार, तळलेली रोटी, फळांचा गोड लगदा. मी पोटभर जेवले. उन्ची माझ्या शेजारी बसली होती.

"निळ्या मण्यांच्या माळा होत्या म्हणालीस ना?" तिने विचारलं.

"हो. आणि हाडाच्या सुया."

"त्या त्याने दिल्या नाहीत."

"नाही."

"मग सोमवारी आम्ही त्याच्या दारात जाऊन बसतो," ती म्हणाली आणि माझ्या वाडग्यात आणखी सार वाढलं.

त्या गेल्या. त्या सोमवारी आणि त्यानंतरही. चँडलरहून मी अधूनमधून फोन करायचे तेव्हा ती सांगायची, आज बसलो, आज पोलिसांनी उठवलं, आज परत बसलो. माळा मिळाल्या नाहीत. तो माणूस निवृत्त झाला, घर विकून कुठेतरी उबदार हवेत राहायला गेला, आणि त्या माळा त्याच्याबरोबर गेल्या. कुठल्या गावी, ते उन्चीला कळलं नाही, मलाही कळलं नाही. मी म्हातारी झाले आहे. लोक म्हणतात, वयाबरोबर राग निवतो. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.